समुद्रे सरांची लेबलं

सोमवारी पहिलंच प्रॅक्टिकल असायचं, म्हणून प्रेरणा मगदूम त्या दिवशी साडेसातलाच कॉलेजात पोचायची. कोल्हापुरातल्या मिशनच्या त्या जुन्या कॉलेजात वनस्पतीशास्त्राचा विभाग तळमजल्यावर, चर्चच्या बाजूला होता. पुढं प्रयोगशाळा, तिच्यामागं हर्बेरियमची लांबोळकी खोली. तिथं चौदा लोखंडी कपाटं होती आणि त्यांत जिल्ह्यातली साडेसहा हजार झाडं, वाळवून, जाड कागदावर शिवून, खाली लेबल लावून ठेवलेली.

ती सगळी देवदान समुद्रे सरांनी जमवलेली. चौतीस वर्षं हा माणूस शनिवारी दुपारी यष्टीनं डोंगरात जायचा, बहुतेकदा चंदगडकडं, आपल्या गावाच्या बाजूला, आणि रविवारी संध्याकाळच्या उपासनेला चिखलाच्या बुटांनिशी शेवटच्या बाकावर येऊन बसायचा. लग्न केलं नाही. पोरांवर कधी हात उगारला नाही, पण लेबल चुकलं की कागद अंगावर यायचा. "ठिकाण न्हाई, तारीख न्हाई, मग ह्याला नमुना कोण म्हणंल? वैरण हाय ही, वैरण!" शिकत असताना प्रेरणानं असे कागद झेलले होते. पुढं ती त्यांच्याच हाताखाली लेक्चरर म्हणून लागली. त्याला आता दहा वर्षं झाली होती.

एप्रिलमध्ये, दोन हजार एकच्या, प्राचार्य विल्सन घाटगे यांनी स्टाफ मिटिंगमध्ये जाहीर केलं की हर्बेरियमच्या जागी कॉम्प्युटर लॅब होणार. "जग कुठं चाललंय, आणि आम्ही पालापाचोळा राखत बसलोय," असं ते म्हणाले. चारदोन जण हसले. तिसऱ्या दिवशी सकाळी विभागाच्या शिपायाला, आकारामला, समुद्रे सर हर्बेरियमच्या टेबलावर डोकं टेकून बसलेले दिसले. अंग गार पडलेलं होतं. चंदगडकडं त्यांच्या गावी त्यांना पुरलं. प्रेरणा मूठमाती देऊन परत आली ती दात आवळूनच.

जूनमध्ये कॉलेज उघडलं तरी तो राग उतरला नव्हता. व्हरांड्यात घाटगे समोरून आले की ती जिना चढून निघून जायची. वर्गात खडू मोडायचे. घरी भांडी आपटायची.

नऊ जुलैच्या सोमवारी तिनं झाडं वाळवायची प्रेस उघडली. दोन लाकडी फळ्या, मध्ये टीपकागद, वरून पट्टे आवळलेले. सुट्टीआधी तिनंच ती रिकामी करून ठेवली होती. आत भुईआवळीचं एक रोप होतं, ताजं, मुळाशी अजून ओलं. शेजारी लेबल.

'ठिकाण: चंदगड तालुका. अधिवास: अलीकडे उकरलेल्या मातीत. दिनांक: ७ जुलै २००१. जमा करणारा: दे. समुद्रे.'

तिनं लेबल उचलून दाराकडं धरलं.

"आकाराम! कुणी केला हा चावटपणा?"

आकारामनं लेबल हातात घेतलं नाही. लांबूनच बघितलं. "खोलीची किल्ली तुमच्याजवळच असती की मॅडम."

"मेलेल्या माणसाची टिंगल करायला लाज वाटत नाही?"

"अक्षर बघा की तुम्ही."

अक्षर ती बघतच होती. दौतीत बुडवून लिहायच्या टाकाची निळी शाई, आणि खाली लांब ओढलेला 'द'. ह्या अक्षरातले शेरे तिनं दहा वर्षं वाचले होते.

तिनं प्रेस कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. पुढच्या सोमवारी आत सीतेच्या आसवांची फुलं होती, निळी, दव न सुकलेली. 'ठिकाण: आजरा. अधिवास: भाताच्या बांधावर.' त्याच्या पुढच्या सोमवारी लेबलावर उत्तूर. तीस जुलैला लाजाळूची फांदी निघाली. 'ठिकाण: कागल. अधिवास: रस्त्याच्या कडेला.' तारीख दोन दिवसांपूर्वीची. दोन दिवस फळ्यांखाली आवळलेली ती फांदी. प्रेरणानं बोट लावलं, तशी तिची पानं एकेक करून मिटली.

आकाराम दारात उभा होता. "चंदगड गाडीचा रस्ता हाय ह्यो," तो हळूच म्हणाला.

"गाडी पाच तासांत येते, आकाराम. हे तीन आठवडे चाललंय."

"गाडीनं कुठं येत्यात? चालत येत्यात सर."

तिनं त्याला बाहेर हाकललं. मग स्वतःच खुर्चीत बसली आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला भीती वाटत नाहीये. रागच येतोय, आणि त्या रागाला आता सोबत मिळाली आहे. येऊ दे, तिला वाटलं. येऊ दे, आणि बघू दे घाटग्यांना.

सहा ऑगस्टला पिंपळाचं बोटभर रोप निघालं. 'ठिकाण: कॉलेजचं फाटक. अधिवास: भिंतीच्या फटीत.'

तेरा ऑगस्टला जे होतं त्याला तिला नाव देता येईना. पांढराफटक, बिनपानांचा एक कोंब, बोटासारखा वाकलेला. लेबलावरही झाडाचं नाव नव्हतं.

'ठिकाण: प्राचार्यांचं कार्यालय. अधिवास: टेबलाचा डावा खण. उजेड नाही.'

तो कागद घेऊन ती थेट घाटग्यांच्या केबिनमध्ये गेली. सकाळचे दहा वाजले होते. बाहेर पोरं ओरडत होती. घाटग्यांनी लेबल वाचलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"हे असले खेळ? मॅडम, मी मेमो देईन तुम्हाला."

"द्या ना! चौतीस वर्षं तो माणूस पावसात, जळवांत डोंगर तुडवत होता. पोरांना एकेक पान ओळखायला शिकवलं त्यानं. त्याला तुम्ही सगळ्यांसमोर पालापाचोळा राखणारा म्हणालात. तुम्ही मारलंत त्यांना!"

घाटगे आवाज खाली आणून म्हणाले, "मी बोललो, कबूल. आणि तुम्ही? मी बोललो तेव्हा समुद्रे उभे राहिले होते. माझ्याकडं बघत नव्हते, तुमच्याकडं बघत होते. एक मिनिटभर. तुम्ही डायरीत काय लिहीत होता?"

काहीच लिहीत नव्हती ती. रेघोट्या ओढत होती. वर बघावं लागू नये म्हणून.

"खण उघडा," ती म्हणाली.

"वेड लागलंय तुम्हाला."

"उघडा तो खण!"

घाटग्यांनी हिसडा मारून खण ओढला.

खण काठोकाठ काळ्या ओल्या मातीनं भरला होता.

मधोमध एक देठ, नुकता कापलेला. कापल्या जागी पाण्याचा थेंब अजून फुगत होता.

देठाभोवतीची माती कुणीतरी बोटांनी दाबून नीट बसवली होती. पाचही बोटांचे ठसे स्पष्ट होते.

बाहेरचा पोरांचा गलका ऐकू येईनासा झाला.

घाटग्यांनी खण हळूच आत लोटला. टेबलावरचा आपला हात उचलून मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हातानं तो धरून बसले.

त्याच दुपारी नोटीस लागली. कॉम्प्युटर लॅब वरच्या मजल्यावर होणार होती. हर्बेरियम आहे तिथंच राहणार, आणि खोलीला प्रा. देवदान समुद्रे यांचं नाव.

प्रेरणानं नोटीस दोनदा वाचली. आनंद व्हायला हवा होता. उलट तिला तो कागद ओरबाडून काढावासा वाटला. हे आत्ता? माणूस जिवंत होता तेव्हा एवढ्या चार ओळी कुणाला लिहिता आल्या नाहीत? आणि हे मनात म्हणताना 'कुणाला' ह्या शब्दावर ती अडखळत होती. आठवडाभर अडखळत राहिली.

वीस ऑगस्टला प्रेस रिकामी होती. टीपकागद कोरडे. तिनं एकेक उलटून बघितला.

"पोचलं वाटतं सर," आकाराम म्हणाला.

"हं," ती म्हणाली. खूप दिवसांनी तिचे खांदे सैल झाले.

दोन वाजता ती राजारामपुरीतल्या घरी आली. तिची आई बसव्वा डोळे दाखवायला म्हणून चार दिवसांपूर्वी गडहिंग्लजहून आली होती. कोल्हापुरात तिचं दुसरं कुणी ओळखीचं नव्हतं. ती स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती.

"तुमच्या कॉलेजातलं एक सर आल्यात गं," बसव्वा म्हणाली. "आतल्या खोलीत बसवलंय."

प्रेरणा पर्स हातात धरून तशीच उभी राहिली. "कोण सर, आव्वा?"

"नाव काय सांगितलं न्हाई. म्हातारं हायत. लांबनं चालत आल्यागत दिसत्यात, पायाला सगळी माती. पाय धुवा म्हटलं, तर नुसतं हसलं."

"काय... काय पाहिजे त्यांना?"

"तू मिटिंगात कायतरी बोलायची हुतीस म्हणं, ते ऱ्हायलं. ते ऐकाय आल्यात."

तव्यावरची भाकरी फुगली. आतल्या खोलीचं दार पुढं लोटलेलं होतं. तिकडून काही आवाज येत नव्हता.

"आव्वा," प्रेरणा म्हणाली, "किती वाजता जाणार म्हणाले?"

बसव्वानं भाकरी उतरवली, दुसरी तव्यावर टाकली आणि तिच्यावरनं पाण्याचा हात फिरवला.

"जायाचं काय बोललं न्हाईत."