पुंजारामचा लमझना

जयवंतानं गोफण फिरवली, दगड सणसणत लव्हाळ्यात गेला, आणि लव्हाळ्यातून आवाज आला — “मेलो वं माय!”

मचाणावर उभी असलेली जयवंता जागीच थिजली. लव्हाळं हललं म्हणून तिला वाटलं होतं रानडुक्कर. पण वर आला तो गुडघाभर चिखलानं माखलेला एक तरुण! डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात दुर्बीण. आणि दगडाच्या आवाजानं तळ्याकाठचा करकोच्यांचा अख्खा थवा उठून आभाळात कलकलाट करू लागला होता.

“लागलं काय जी?” ती मचाणावरून उतरत म्हणाली.

“मला नाही लागलं. पण ते उडाले ना!” तो वर बघत हळहळला. “सकाळपासून पडून आहे मी इथं. आत्ता कुठं जवळ येत होते...”

“जवळ येऊन राहिले होते ते आमच्या हरभऱ्याच्या. तुमच्या नाई! अन् मले वाटलं, डुक्कर हाये.”

“डुक्कर?”

“मंग? लव्हाळ्यात अजून कोन लोळते?”

तो खळखळून हसला. भांडणाच्या ऐन भरात समोरचा हसला की जयवंताची मोठी पंचाईत व्हायची. तिनं पदर खोचला, गोफण गुंडाळली आणि उगाचच हरभऱ्याकडे बघू लागली.

ही गोष्ट वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची. दिवाळीनंतर अंजनगावाबाहेरच्या तळ्याचं पाणी ओसरू लागलं, की उघड्या पडलेल्या काळ्या गाळात माळ्यांची पेर सुरू व्हायची. जयवंताच्या बापाचा, पुंजारामचा तुकडा पाण्याला अगदी लागून. त्यात हरभरा, वांगी, मेथी. आणि थंडी पडली की त्याच काठावर करकोचे उतरायचे. पुंजारामला ते चोर वाटत. त्याच्या लेकीला ते सुंदर वाटत, पण चोराला सुंदर म्हणायचं कसं, म्हणून ती गोफण फिरवायची. मात्र दगड नेहमी चार हात लांब!

तो तरुण म्हणजे देवीदास, शाळेत नवा आलेला मास्तर, मूळचा अकोटचा. मामा सेमाडोहला जंगलखात्यात होता, त्याच्याकडून ही दुर्बीण मिळाली आणि पाखरांचं वेड लागलं. दुसऱ्या दिवशी शाळेआधी स्वारी पुन्हा हजर. करकोचे पुन्हा उडाले.

“मास्तर, असे खांबासारखे उभे राह्यले तं कोनतं पाखरू बसन?” जयवंता म्हणाली. “आमी रोज इथं निंदतो, आमाले ते भेत नाईत. वाकलेल्या मानसाले पाखरू भेत नाई.”

“मग मीही निंदायला बसतो.”

ती गमतीनं म्हणाली होती. त्यानं मात्र टोपी खिशात घातली, पुंजारामचं जुनं घोंगडं अंगावर ओढलं आणि खुरपं घेऊन ओळीत बसला. डाव्या हाताला जयवंता, उजव्या हाताला तिची आत्या मैनाबाई. निंदण म्हणजे बायकांचं काम. मैनाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. पण मेथीच्या मुळाला धक्का न लावता गवत अलगद उपटणारे त्याचे हात बघून तिची नजर बदलली.

“मास्तर, तुमी कोनाचे जी?”

“अकोटच्या जानराव माळ्याचा मुलगा. आमचा झेंडूचा मळा आहे.”

“म्हून!” मैनाबाई म्हणाली, आणि तिनं जयवंताकडे असं काही पाहिलं, की जयवंतानं गवताऐवजी मेथीच उपटली.

मग रोज सकाळी हेच. धुकं पाण्यावर असायचं, करकोचे पावलापावलानं जवळ यायचे, आणि देवीदास कुजबुजायचा, “हलू नका... बघा, नाचतोय तो.” ती दुर्बीण डोळ्याला लावायची. राखाडी अंगाचा, कानामागे पांढऱ्या तुऱ्याचा नर मान झुकवून मादीभोवती उड्या मारत असायचा.

“लय नखरे करते वो हा,” ती पुटपुटायची.

“करावे लागतात. ती बघतच नाही त्याच्याकडे.”

“पाहून राहिली हाये ती. दाखवत नाई, एवढंच.”

एवढं बोलून आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात यायचं... आणि थंडीतही कानाच्या पाळ्या तापायच्या. हे पक्षी हिमालयापलीकडून येतात, तो सांगायचा. ती ऐकायची, पण पक्ष्यांपेक्षा सांगणाऱ्याचा आवाज जास्त ऐकायची. खरं सांगायचं तर पोरगी पुरती प्रेमात पडली होती. प्रश्न एवढाच होता, की मास्तर कशासाठी येतो? तिच्यासाठी, की करकोच्यांसाठी?

गावाला असला प्रश्न पडला नाही. मेळघाटातल्या कोरकूंची रीत अंजनगावला माहीत होती. तिथं मुलगा होणाऱ्या सासऱ्याच्या घरी आधी राबतो आणि मग लग्न होतं. त्याला म्हणतात लमझना. बाजाराच्या दिवशी केशवराव अडत्यानं भर चौकात हाळी दिली, “काय गा पुंजाराम, लमझना ठेवला म्हने! तोही शिकलेला!”

सगळा बाजार हसला. पुंजारामला हसू आलं नाही. अकोल्याच्या महादेवरावांच्या मुलाशी जयवंताच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. येत्या रविवारी पाहुणे सुपारी फोडायला येणार होते.

पुंजारामनं तळ्यावरच मास्तरला गाठलं. “मास्तर, तुमी भले मानूस. पन उद्यापासून येऊ नोका. पोरीच्या जिंदगीचा सवाल हाये.”

देवीदासनं घोंगडं उतरवलं, नीट घडी केली आणि निघून गेला. एकदा वळूनसुद्धा पाहिलं नाही.

जयवंताला रडू आलं, आणि रडू आलं याचा संतापही आला. “पाखरासाठीच येत होता मेला,” ती आत्याला म्हणाली.

“तू तरी त्याले सांगितलं काय, मनात काय हाये ते?” मैनाबाईनं विचारलं.

रविवारी पाहुणे आले. सुपारी फोडण्याआधी महादेवरावांना सोयऱ्याची जमीन बघायची होती. सगळी मंडळी काठावर आली. पाण्याच्या अलीकडे करकोचे दाटीवाटीनं बसले होते. त्या मोसमात इतके कधीच उतरले नव्हते. आणि त्यांच्या पलीकडे, बांधावर, टोपी आणि शाळेचा कोट घातलेला देवीदास उभा होता.

तो चालू लागला. ना वाकला, ना दबकला, ना वळसा घेतला. ताठ मानेनं सरळ पाखरांमधून आला. सगळा थवा एकदम उठला, पंखांच्या वाऱ्यानं त्याची टोपी उडाली, आभाळ भरून गेलं. सगळ्यांच्या माना वर गेल्या. देवीदासची तेवढी गेली नाही.

“पुंजारामभाऊ,” तो धापा टाकत म्हणाला, आणि शाळेतली पुस्तकी भाषा कुठच्या कुठं गेली. “लोकं मले लमझना म्हनते. खोटं नाई म्हनत. पह्यले दोन दिवस पाखरासाठी आलो, मंग नाई. काल अकोटले जाऊन बाबाले सांगून आलो. ते मांगनी घालाले येऊन राहिले. तुमी म्हनसान तितके दिवस निंदतो... पन जयवंता मले द्या.”

पुंजारामचा चेहरा लाल झाला होता.

जयवंता पुढे आली. “बाबा, कोरकूंचं चुकते काय? नवरा आधी राबून दाखवते, मंग पोरगी भेटते. यायनं राबून दाखवलं. मले यायच्याशीच लगन करायचं हाये.”

मैनाबाईनं तोंडाला पदर लावला, पण डोळे हसत होते. महादेवरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “पुंजारामभाऊ, आमचं पोरगं दुकानाची गादी सोडून घडीभर उन्हात बसत नाई. थे काय निंदन? पोरीनं मन सांगितलं, बरं झालं. लगनानंतर सांगितलं असतं तं आमचीच फजिती होती. आता जेवाले तं घालसान का नाई?”

पुंजारामनं हात जोडले. “चाला, घरी चाला जी,” एवढंच तो कसंबसं म्हणाला. जाताना त्यानं चिखलातली टोपी उचलली, धोतरानं पुसली आणि जावयाच्या हातात दिली.

मंडळी पुढे गेली. ती दोघं बांधावर मागे राहिली.

“एवढा मोठा थवा होता,” जयवंता म्हणाली. “कोनीकडे गेला?”

“मले नाई मालूम.”

“दुर्बीनवाले मास्तर तुमी, अन् पाह्यलं नाई?”

“नाई पाह्यलं. तू समोर होती ना...”

जयवंतानं पदर तोंडाला लावला नाही की मान खाली घातली नाही. सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती हसली.