खोट्या छताच्या वर

दिवे गेलेत, ते काही आता तासभर येत नाहीत. बसा गप. आणि तू, तो मोबाइल ठेव खाली. तोंडावर उजेड पाडून का कुणी असल्या गोष्टी ऐकतं? गोष्ट कसली म्हणा, घडलेलं आहे. माझ्या साडूच्या बाबतीत.

हो, तोच. तुमच्या काकूच्या धाकट्या बहिणीचा नवरा, इंटिरियरवाला. बायको माणूस बघून करतो, साडू मात्र आपोआप पदरात पडतो. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला प्राणी आहे तो. दोन दुकानं आणि एक दवाखाना सजवला, तेव्हापासून जमिनीवर पाय नाहीत.

पोस्टामागचं जुनं चर्च माहीत आहे ना? आता समाजकेंद्र केलंय त्याचं. प्रार्थनेला येणारी माणसं उरली नाहीत, म्हणून राहिलेल्या चार म्हाताऱ्यांनी ते गावाला देऊन टाकलं. काय बांधलं होतं रे ते! दगडी खांब, दोघांच्या कवेत न मावणारे. खांबांतून कमानी निघायच्या आणि वर जाऊन एकमेकींना भेटायच्या, इतक्या उंच की बघताना डोक्यावरची टोपी पडावी. खिडक्यांना रंगीत काचा. सकाळी उन्हाचे तुकडे फरशीवर सांडायचे. बांधणाऱ्यांच्या दोन पिढ्या त्यात खपल्या असतील. आणि ते कुणाच्या हाती दिलं? आमच्या साडूसाहेबांच्या. माकडाच्या हाती कोलीत!

साहेबांनी काय केलं, बारा फुटांवर फॉल्स सीलिंग ठोकलं. पांढरं, चौकोनाचौकोनांचं, दवाखान्यात असतं तसं. कमानींचे सरळ गळे कापले. खिडक्यांचे वरचे अर्धे भाग, कमानी, सगळं वर अंधारात कोंडलं. तिथे ऑर्गन वाजवणाऱ्या म्हातारबाई होत्या, त्या बिचाऱ्या हात जोडून म्हणाल्या, “अहो, वर बघायला काहीतरी राहू द्या.” तर हा म्हणतो, “आजी, वर बघायला येतंय कोण? लोक टेबल टेनिस खेळायला येणार.” आणि हसला. मी तिथेच होतो. लाज वाटली मला, ह्याच्याशी नातं सांगायची.

तर नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. रविवारी सकाळी उद्घाटन. शाळेच्या मुली स्टेजवर गाणार, आणि पहिल्या रांगेत मधोमध ह्याची लेक. नऊ वर्षांची, गोड पोर, बापावर गेली नाही. तालमीहून आली आणि जेवता जेवता म्हणाली, “बाबा, स्टेजवरचं छत पोटासारखं खाली आलंय.”

“काहीतरीच तुझं,” हा म्हणाला. पण घास उतरेना. ते चौकोन तारांना टांगलेले, मांजर चाललं तरी खाली यायचे. आणि खाली पोरगी उभी राहणार. कारागिरांना फोन करावा, तर माझ्या कामात खोट आहे असं कबूल करावं लागणार. ते कसं जमावं? नाक केवढं! पावणेअकराला स्कूटर काढली आणि एकटाच गेला.

कुलूप काढलं. दिवे लावले. स्टेजवरचा एक चौकोन खरंच खाली आला होता. वर कुणीतरी बसावं तसा.

ह्यानं शिट्टी वाजवत शिडी ओढली. आणि तो चौकोन... सरळ झाला. शेजारचा वाकला.

“म्हणजे काय, काका?”

म्हणजे एक उठला, दुसरा दबला. मग त्याच्या पुढचा. आवाज नाही. भुकटीचा कण पडला नाही. जिप्समचा चौकोन वाकत नाही रे, तुटतो. आणि हे... चालत होतं.

स्टेजकडून दाराकडे. दाराकडून परत. सावकाश.

हा म्हणाला, “कोण आहे?”

वरचं थांबलं. बरोबर ह्याच्या डोक्यावर.

“पळायचं ना मग, काका!”

मी तर पळालोच असतो. पण सकाळी तिथे त्याची पोरगी उभी राहणार होती. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यानं धड केली, हे मी नाकारत नाही. वर डोकावायला दाराजवळच्या कोपऱ्यात एक झडप ठेवली होती, तेवढीच वाट. तिथे शिडी लावली. चढला. झडप ढकलली. डोकं वर घातलं...

...

“काय दिसलं?”

सांगत नाही. आजवर सांगितलेलं नाही. एवढंच म्हणतो की बाहेर चंद्र नव्हता, तरी काचा उजळलेल्या होत्या. आणि सगळं फार उंच होतं. बास. शिडीवरून पाय हलवला नाही, म्हणतो. लेकीची शपथ घेऊन. घरी कसा आला ते आठवत नाही.

पहाटे मला फोन. बोबडी वळलेली. “दादा, तुम्ही जरा वर बघून येता का?” जन्मात पहिल्यांदा मला काही विचारलं त्यानं. मुलींचं गाणं त्यानं अंगणात हलवलं. लोकांना म्हणाला, कोवळं ऊन मुलांना चांगलं. खोटारडा!

मी गेलो. शिडी झडपेखाली तशीच होती. टॉर्च घेऊन डोकं वर घातलं. छत सपाट, कुठे चीर नाही. वर कामाची पांढरी भुकटी साचलेली, दुधावरच्या सायीसारखी. पाऊल नाही. उंदराचा मागही नाही. फक्त तिकडे, झडपेपासून पार लांब, मधोमध... दोन खळगे. शेजारी शेजारी. गुडघ्यांचे. पूर्वी चर्चची वेदी होती, त्या बाजूला तोंड करून कुणीतरी टेकलेलं.

“भूत... गुडघे टेकून?”

मलाही तेच वाटलं. खाली उतरलो, तसाच त्याच्या घरी गेलो. मेहुणी मागच्या दारी कपडे भिजवायला बसली होती. नवऱ्याची रात्रीची पँट माझ्यापुढे धरून म्हणाली, “भाऊजी, हे काल कुठे जाऊन आले हो?”

मी बघितलं.

दोन्ही गुडघ्यांवर... पांढरे गोल. कापडात दाबून बसलेले. तीच भुकटी.

नव्वद किलोचा माणूस आहे रे तो.