दाबता न येणारी हाक

दुपारी चारला मी सुलक्षणाताईला डबा द्यायला गेले. ती माझी चुलत बहीण. धरणाखालच्या आमच्या वाडीतला भोंगा तिने बनवलेल्या बोर्डवर चालतो. पाणी चढून नदीतला स्विच उचलला गेला, की बोर्डला नॉन-मास्केबल इंटरप्ट, म्हणजे दाबता न येणारी हाक, जातो. बाकीच्या हाका कर्नल, म्हणजे बोर्ड चालवणारा मुख्य प्रोग्राम, थोपवून धरू शकतो, ही नाही.

तरी गेल्या वर्षी भोंगा वाजला नाही, आणि भिमाकाका मेंढरांसकट वाहून गेले. चूक ताईच्या कोडमध्ये होती. दुसऱ्या कुणी मधे लिहू नये म्हणून कर्नल नोंदवहीला कुलूप लावून नोंद लिहीत असतानाच हाक आली. हाक घेणारा कोडही नोंद लिहायला गेला आणि कुलूप उघडायची वाट पाहत राहिला. किल्ली ज्याच्याकडे होती, त्यालाच त्याने थांबवून ठेवलं होतं.

आता तिने तो भाग नव्याने लिहिला होता. आधी भोंगा, नोंद मागाहून. तपासणीसाठी नदीतल्या स्विचची तार बोर्डपासून काढून टेबलावर ठेवली होती. बाहेर आभाळ दाटलेलं. खोलीत गाळाचा वास येत होता.

स्क्रीनवर आलेल्या हाकांचा आकडा शून्याचा एक झाला. छपरावरचा भोंगा वाजू लागला.

"हात लावलास?" ताईने विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. तार टेबलावरच होती. बंद करायला ताईने हात नेला आणि मधेच थांबवला.

"नदीत कोण हाय?" तिने हळूच विचारलं.

येताना मला सोजराकाकू दिसली होती, भिमाकाकांची बायको. पात्रातून शेळ्या पलीकडे नेत होती. मी सांगितलं. ताईने हात मागे घेतला.

थोड्या वेळाने काकू धापा टाकत दारात आली. "कशापायी बोंबलतंय गं तुझं यंत्र? पाणी कुठं हाय?"

तेवढ्यात खालून लोंढ्याचा आवाज आला. मघाशी काकू होती तिथले खडक पाण्याखाली दिसेनासे झाले. काकू उंबऱ्यावरच बसली.

मी म्हणाले, "ताई, आता बंद कर ना."

ती स्क्रीनकडे बघत होती. "एक हाक घेत असताना दुसरी आली, तर ती बाहेर थांबते... एकच थांबते." तिने बोट ठेवलं. "थांबलीय."

"आत नाही घेतली तर?"

"पहिली हाक संपवून कोड परत फिरला की ती येणारच..."

तिने भोंगा थांबवला. क्षणभर शांतता. मग तो पुन्हा वाजला.

पायवाटेवर कोणीच नव्हतं. सोजराकाकू मात्र उठली, भिमाकाका घरी आले की घ्यायची तसा डोक्यावर पदर घेतला आणि वाट देत दारातून बाजूला सरली.