विमान परत येईपर्यंत

खरं तर तो फोन त्याने उचलायचाच नव्हता. बुकिंग घेणाऱ्या बाई जेवायला गेल्या होत्या आणि तो धक्क्यावरून आत आला होता तो फक्त दोराचं भेंडोळं न्यायला. फोन वाजतच राहिला. शेवटी वैतागून, ओले हात शर्टाला पुसत त्याने उचलला, तर पलीकडून एका मुलीने नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम विचारलं, की समजा त्या दिवशी धुकं पडलं तर?

"तर विमान उडणार नाही," तो म्हणाला.

"ते कळलं हो. मग माझ्या माणसांचं तुम्ही काय करणार?"

तो हसला. आणि ते हसणं – आता काय सांगावं! – फोन ठेवल्यावरही तिच्या कानात राहिलं.

तिची माणसं म्हणजे आई, बाबा आणि आत्या. बाबा नोकरीतून निवृत्त झाले म्हणून चौघं मोठ्या जहाजाने सफरीला निघणार होती. वाटेत एका बंदरात जहाज सकाळी लागायचं आणि दुपारी सुटायचं. तेवढ्या वेळात पाण्यावरून उडणाऱ्या आणि पाण्यावरच उतरणाऱ्या छोट्या विमानात बसून कडे, धबधबे आणि डोंगरातली तळी बघायची, असं बाबांनी मनात घेतलं होतं. बाबांनी मनात घेतलं की पार पाडायचं मुलीने. घरात तिला मॅनेजरच म्हणत. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनपासून घराच्या रंगकामापर्यंत सगळं तीच आखायची, आणि आखायची ते असं की चुकायला म्हणून जागा ठेवायची नाही. जहाज कुणासाठी थांबत नसतं, हे तिने घरात इतक्यांदा बजावलं की आत्या म्हणाली, "बास गं, आता जहाजालासुद्धा पाठ झालं असेल."

मग ती फोन करत राहिली. जहाजातून उतरायला किती वेळ लागतो, धक्का किती लांब, पाऊस असला तर काच पुसलेली असते का... बुकिंगच्या बाईंनी उचलला तर म्हणायची, धक्क्यावर असतात ना, त्यांना द्या. त्याचं काम म्हणजे प्रवाशांची वजनं घ्यायची, कुणी कुठे बसायचं ते ठरवायचं, विमान आलं की बांधायचं आणि निघालं की ढकलायचं. एवढ्याशा विमानात कोण किती वजनाचं आणि कुठे बसलंय यावर सगळा तोल असतो, हे त्यानेच तिला समजावलं.

"तुमचं वजन काय लिहू?" त्याने विचारलं होतं.

"ते तुम्हाला कशाला हवंय?"

"मला नकोय. विमानाला हवंय."

तिने सांगितलं. तो म्हणाला, "मग तुम्ही पुढे, वैमानिकाशेजारी. तिथून सगळ्यात छान दिसतं." बाकीच्या प्रवाशांनाही तो हेच सांगत असेल, असं तिने मनाला बजावलं. मनाने काही ऐकलं नाही. आई स्वयंपाकघरातून विचारायची, आज काय म्हणतोय तुझा बुकिंगवाला? ती म्हणायची, काही नाही, भरती-ओहोटीचं सांगत होते. मग आई आणि आत्या एकमेकींकडे बघायच्या.

दोन महिन्यांत तिला कळून चुकलं, की हा माणूस आपल्याला आवडतो. बघितलेला नाही, तरी आवडतो. आणि मॅनेजरच ती, तिने त्याचीही आखणी केली. विमान फिरून आलं की घरच्यांना लोकरीच्या दुकानात धाडायचं आणि आपण त्याच्याबरोबर धक्क्यापासून बंदराच्या फाटकापर्यंत चालत जायचं. तेवढ्या वाटेत सांगून टाकायचं. वाक्यंसुद्धा ठरली होती. तो हो म्हणाला, तर सफर संपवून परत यायचं, त्याच्याच गावात काम शोधायचं, इथवर तिची तयारी होती. घरात कुणाला पत्ता नव्हता. इतकं मोठं काही तिने आजवर स्वतःसाठी आखलंच नव्हतं.

त्या सकाळी बारीक पाऊस होता. धुकं मात्र नव्हतं. धक्क्याच्या फळ्या ओल्याचिंब आणि त्यांच्या कडेला पिवळं विमान पाण्यावर डुलत होतं. तो दोर हातात घेऊन उभा होता. फोनवर वाटायचा त्यापेक्षा बुटका, केस पावसाने कपाळाला चिकटलेले, आणि डोळे असे की ठरवलेलं सगळं विसरायला व्हावं.

"मॅनेजर?" त्याने विचारलं. हे नाव तिने त्याला कधी सांगितलं होतं, तिलाच आठवेना.

मग वजनं घ्यायला सुरुवात झाली आणि आत्याने घोटाळा केला. म्हणजे आत्याने फोनवर सांगायला दिलेला आकडा खोटा नव्हता. फक्त जुना होता. तिच्या लग्नाच्या वेळचा. काटा त्याच्या पुढे गेला, बराच पुढे गेला, आणि आत्या काट्याकडे अशी बघत राहिली जणू त्यानेच काहीतरी खाल्लंय. त्या फेरीत आणखी एक जोडपं होतं, त्यांच्या दोन मोठ्या कॅमेऱ्यांसकट. विमानाला झेपेल त्यापेक्षा भार जास्त भरला. त्याने दोनदा बेरीज केली, मान हलवली. एकाला मागे राहावं लागणार होतं आणि पुढच्या फेऱ्या भरलेल्या होत्या.

आत्याचा चेहरा एवढासा झाला. मी राहते, म्हणाली. बाबा म्हणाले, मग मीही नाही जात. आता हे चौघंही जमिनीवर राहतात की काय, असं दिसल्यावर मुलगी म्हणाली, तुम्ही बसा, मी थांबते. फोटो काढून आणा. तिने आत्याला हाताला धरून बसवलं, पट्टा नीट लावला आणि खाली उतरली. त्याने विमान ढकललं. पाणी कापत ते लांब गेलं, उचललं गेलं आणि ढगांच्या खाली ठिपका होऊन गेलं.

पाऊण तास. विमान परत येईपर्यंत पाऊण तास तिच्या पदरात पडला होता, आणि समोर तोच माणूस. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, देव पावला. आमची मॅनेजर गडबडली. तिच्या हिशेबात बोलायची वेळ अजून आलीच नव्हती.

ऑफिस म्हणजे एक लाकडी खोली. खुंट्यांवर लाल जॅकेटं पाणी गाळत होती. बुकिंगच्या बाई फाटकाशी तिकिटं तपासत होत्या. त्याने तिला हीटरजवळची खुर्ची दिली, कपात चहा दिला, कपाचा कान तिच्या बाजूला वळवून. बोटाला बोट लागलं. दोघांनीही चहा फार गरम असल्यासारखं केलं.

"फोनवर तुम्ही रागीट वाटायचात," तो म्हणाला.

"आणि आता?"

"आता... आता काळजी वाटते. एवढं सगळ्यांचं करता. तुमचं कोण करतं?"

ती हसली आणि कपात बघत राहिली. खिडकीवर पाऊस टपटपत होता. त्याने एकदा बाहेर पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि मग सांगितलं, की त्याला एक नोकरी आलीय. लांब, समुद्रापलीकडे, मोठ्या तळ्यांच्या प्रदेशात. तिथे अशी वीस-बावीस विमानं आहेत आणि सगळ्यांची व्यवस्था बघायची. तीन वर्षांचा करार. आठवडाभर त्याने उत्तर लांबवलं होतं, ते आजवर. आज दुपारच्या आत काय ते कळवायचं.

"तुम्ही चारी बाजूंनी विचार करता," तो म्हणाला. "तुम्ही सांगा. जाऊ?"

जाऊ नका. एवढंच तर होतं. ओठांपर्यंत आलं होतं. पण कसं म्हणायचं? माणसाला पहिल्यांदा बघून तास झाला नाही, आणि त्याच्या पोटावर पाय द्यायचा? काय म्हणेल तो? आणि ते तर नंतर सांगायचं होतं, फाटकाच्या वाटेवर, नीट, ठरवलेल्या वाक्यांत. असं गोंधळायला झालं की माणूस सवयीचा आधार घेतो. तिने पगार विचारला. राहायची सोय आहे का, सुट्टी किती, वर्षातून एकदा घरी येता येईल का, सगळं विचारलं. तो एकेक सांगत गेला, आवाज हळूहळू खाली जात. तिने सगळ्याचा विचार केला आणि जे कुठल्याही परक्या माणसाला सांगितलं असतं ते त्याला सांगितलं.

"जा. अशी संधी परत येत नाही."

"नक्की?"

"नक्की," ती म्हणाली. आणि वर हसलीसुद्धा.

तो उठला, तिच्याच समोर फोन लावला आणि येतो म्हणून कळवून टाकलं. लगेच दुसरा फोन इथल्या मालकांना. मालकांनी अभिनंदन केलं, माझा भाचा कधीचा मागे लागलाय, त्याला तुझ्या जागी लावून टाकतो म्हणाले. दोन फोन, चहा निवायच्या आत. दुनियाभराच्या अडचणी आधी ओळखणारी ही मुलगी, आणि आपल्या डोळ्यांदेखत आपलंच घर मोडतंय ते तिला दिसू नये? दिसत होतं हो. हात पुढे होत नव्हता, इतकंच.

विमान अगदी वेळेवर आलं. निदान ते तरी उशिरा यायचं! आत्या धबधब्यांचं वर्णन करत उतरली, आई लेकीच्या गळ्यात पडली, आणि तिघं ठरल्याप्रमाणे लोकरीच्या दुकानाकडे गेली. ठरल्याप्रमाणे तो तिला सोडायला फाटकाकडे निघाला. जिच्यासाठी दोन महिने वाक्यं जपून ठेवली होती ती वाट पायाखाली होती, माणूस शेजारी होता, कुणी मध्ये येत नव्हतं, आणि सांगायचं काय? तोंडाने जा म्हणून झालं होतं. मग ती म्हणाली, तिकडे थंडी फार असेल ना? तो म्हणाला, असेल. फाटक आलं. त्याने छत्री तिच्या हातात दिली, तिने ती परत दिली, तुम्हाला परत जायचंय ना म्हणाली. तो डोक्यावर छत्री न धरताच परत गेला.

दुपारी जहाज सुटलं. आई, बाबा, आत्या खोलीत पाय लांब करून फोटो बघत होते. बाबा म्हणाले, आयुष्यात असा दिवस पाहिला नाही, आणि तो हिच्यामुळे. ती वारा खाऊन येते सांगून वरच्या डेकवर आली. धक्का अजून दिसत होता. आता बोलून उपयोग काय, वरातीमागून घोडं. हे कळत असूनही तिने फोन लावला.

"काही राहिलं का?" त्याने विचारलं.

"बोलायचं राहिलं."

तिने वाऱ्याकडे पाठ करून फोन कानाशी नीट धरला.

"मी दोन महिने फोन करत होते... ते काही धुक्यासाठी नाही."

"माहीत आहे मला."

"माहीत होतं? मग मला कशाला विचारलंत, जाऊ का म्हणून?"

"म्हणूनच विचारलं," तो म्हणाला. "तुम्ही नको म्हणाला असतात, तर मला पुढचं विचारता आलं असतं. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तुम्ही जा म्हणालात. वाटलं, चला, माझाच गैरसमज."

तिने कठडा घट्ट धरला. लोखंड गार होतं. तिने विचारलं, आता त्यांना नको म्हणता येणार नाही का? तो हळू आवाजात म्हणाला, की मालकांच्या भाच्याने तासाभरापूर्वी किल्ल्या नेल्या. आणि तिकडे रांगेत दुसरा माणूस होता, त्याला त्यांनी नको म्हणून कळवलं. शब्द दिलाय. आता मागे फिरलो तर त्या माणसाचंही गेलं आणि माझंही. हे सगळं त्याने तिला चिडून सांगितलं असतं, तर तिला बरं वाटलं असतं. पण तो तिची समजूत घालत होता.

"मी नको म्हटलं असतं तर?" ती म्हणाली. "राहिला असतात?"

"अहो, मी आठवडाभर कशासाठी थांबलो होतो? त्यांना मी पहिल्याच दिवशी–"

जहाज वळलं. धक्क्याच्या आणि तिच्या मध्ये डोंगराची सोंड आली आणि फोन मुका झाला. तिने हॅलो हॅलो केलं. पुन्हा लावला. नाही लागला.

"जाऊ नका," ती म्हणाली. मोठ्याने. मुक्या फोनमध्ये.

शेजारच्या खुर्चीवरून एक म्हाताऱ्या बाई शाल गोळा करून आत निघाल्या होत्या. त्यांनी वळून हिच्याकडे पाहिलं, हिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि शाल पुन्हा मांडीवर घेतली.

"बरं बाई," त्या म्हणाल्या, "नाही जात," आणि परत खाली बसल्या.