भाविकाची आखणी

पेणला लोक येतात ते गणपती ठरवायला, नाहीतर पापड-मिरगुंडं घ्यायला. "स्वतःला कोंडून घ्यायला पैसे मोजून कोण येणार रे?" असं आमचे बाबा म्हणायचे. पण मी पडलो हट्टी. रोह्याच्या रस्त्याला एक बंद पडलेला मूर्तींचा कारखाना भाड्याने घेतला आणि एस्केप रूम काढली. म्हणजे आत शिरायचं, दार बंद, कोडी सोडवत किल्ली शोधायची आणि बाहेर पडायचं. मी शेजारच्या केबिनमध्ये पडद्यावर बघत बसायचो. फारच कुणी अडलं, तर माइकवरून इशारा द्यायचो.

कथाही घरचीच लावली होती. एक मूर्तिकार काम अर्धवट टाकून नाहीसा झालाय. साचे, कुंचले, रंगाचे डबे जुन्या मालकाचे तिथेच पडून होते. कोपऱ्यात शाडूचा एक बसलेला माणूस होता, खऱ्या माणसाएवढा. अंगाला रंग होता, नखंसुद्धा रंगवलेली, पण डोळ्यांच्या जागी कोरा पांढरा. तो कुणी केला, कुणाला सांगता येईना. मी त्याच्या ओंजळीत किल्लीची पेटी ठेवून दिली.

माझी धाकटी बहीण भाविका हमरापूरला आमच्या घरच्या कारखान्यात आखणी करायची, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायची. मूर्तीत जीव येतो तो आखणीनेच, म्हणून ते काम सगळ्यात शेवटी. आमच्या घरचा एक नेम आहे. आखणी करणाऱ्याने बाजूला बसायचं आणि मूर्तीसमोर आरसा ठेवायचा. पहिली नजर आरशावर जाऊ दे, माणसावर नको. बाबांनी सांगितलं, आम्ही पाळलं. का, ते कुणी विचारलं नाही.

तिचं लग्न जिते गावच्या साईराजशी ठरलेलं. एका दुपारी दोघं हसत-खिदळत खेळायला आली. साईराज कोड्यांना भिडला. भाविका मात्र सरळ त्या माणसासमोर जाऊन बसली.

"दादा, याला आंधळा ठेवलास होय रे?" कॅमेऱ्याकडे बघून ती म्हणाली. "असा बघवत नाय मला."

"भावे, ते खेळात नाय गो! कोडं सोडव," मी माइकवरून ओरडलो.

पण सुताराला वाकडी फळी बघवत नाही, तसं तिचं झालं. तिने काळ्या रंगात पाणी घातलं, कुंचला बुडवला. समोरच बसली होती. आरसा कुठून येणार? तो गणपती नव्हता, देव नव्हता, नुसता खेळ होता. मलाही गंमत वाटली. रेषा अशी सरसर उतरत होती की मी इशारे द्यायचं विसरून बघत राहिलो.

दुसरं बुबुळ भरलं आणि तिचा हात तसाच वर राहिला.

केबिनमध्ये ओल्या मातीचा वास भरला. पडद्यावर साईराज तिचा खांदा हलवत होता. मी दार उघडून आत धावलो. तिचे डोळे टक्क उघडे होते.

"दादा... समोर कोण बसलीय ही? माझाच ड्रेस घातलाय..."

"भावे, मी हाय इथं. माझ्याकडे बघ."

"तू तिच्या शेजारी उभा हायस." तिचा आवाज फाटला. "दादा, ती मीच हाय काय रे?"

साईराजने तिचं तोंड दाराकडे फिरवलं. तिला दिसत होतं ते फिरलं नाही. मला काय सुचलं कोण जाणे, मी त्या मातीच्या डोळ्यांवर तळहात ठेवला. ती किंचाळली, "काळोख झाला!" मी हात काढला.

पनवेलचे डॉक्टर म्हणाले, डोळ्यांत काही दोष नाही. बाबांनी मूर्ती बघितली. "पुसू नका. बुडवू तर नकाच. तिची नजर हाय ती." बस्स, एवढंच. दुसरा उपाय त्यांनाही ठाऊक नव्हता. तेव्हापासून त्या खोलीत ट्यूबलाइट रात्रंदिवस चालू असते. साईराज सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन मूर्तीसमोर बसतो, म्हणजे तिला तो दिसतो. पोटची नसली तरी लेकरासारखी वाढवलेली बहीण, आणि मी काही करू शकत नाही. यासारखा जाच नाही.

परवा दुपारी घरी तिला भात भरवत होतो. मध्येच ती थांबली.

"दादा, खोली गेली..."

ट्यूब गेली असेल म्हणून मी मोबाइलवर तिथला कॅमेरा उघडला. ट्यूब चालू होती. मातीचा माणूस जागच्या जागी होता. त्याच्या डोळ्यांच्या जागी कोरा पांढरा होता.

"आता दिसतंय," ती हळूच म्हणाली. "तुझी पाठ दिसतेय. हातात मोबाइल हाय... तुझ्या खांद्यावरून मी दिसतेय..."

मी गर्रकन वळलो. मागे कुणीच नव्हतं. उघडं दार आणि अंगणातलं ऊन.

"दादा," भाविका म्हणाली, "आता तुझं तोंड दिसतंय... किती जवळून..."