मधली टोपी

कुरुंद्याला किसनरावांच्या हळदीच्या गिरणीत सोळा घोड्यांचं डिझेल इंजिन होतं. चौऱ्याहत्तर साली त्यांनी दुसरं जातं आणलं आणि त्याच इंजिनाकडून पंचवीस घोड्यांचं काम मागितलं. माणसांकडूनही ते असंच घेत, तेव्हा इंजिनानं कुरकुरायचं काही कारण नव्हतं.

पुंजाजी मिस्त्रीनं पिस्टन मोठे बसवले, डिझेल वाढवलं. ताकद वाढली, पण ती सोसायची ब्लॉकला, इंजिनाच्या ओतीव सांगाड्याला. क्रँकशाफ्टच्या फिरत्या आसाला खालून ब्लॉकशी आवळून धरणाऱ्या तीन लोखंडी टोप्यांपैकी मधली थरथरू लागली.

"मालक, दोन्ही जाती संगंच लावू नका. ब्लॉक फाटंल."

"लोखंड हाये का पापड?" किसनराव म्हणाले.

दुपारी दोन्ही जात्यांत हळद पडली, इंजिन वाकून ओढू लागलं, आणि मधल्या टोपीतून आवाज आला.

"आवं... जेवाया या."

पुंजाजीची बायको सोजरा जाऊन वर्ष झालं होतं.

त्यानं पट्टा पाहिला, पुली पाहिली, व्हॉल्व्ह पाहिले. धम्म घेतला तेव्हा घरातले देव आणि भुतं त्यानं एकाच दिवशी बाहेर काढली होती. रीतसर इलाज म्हणून नांदेडहून जाड पोलादी पट्टी कापून आणली आणि तिन्ही टोप्या एकत्र जखडल्या. इंजिन गुमान दोन्ही जाती ओढू लागलं. किसनरावांनी चक्क चहा पाजला.

पुंजाजीला तो गोड लागला नाही. दिवसभर तो इंजिनाला कान लावून बसला. नुसतं इंजिन.

दुसऱ्या दिवशी त्यानं पट्टी काढली. मधल्या टोपीचे बोल्ट जरासे सैल केले.

"आवं, भाकर निवून राहिली."

हातातला पाना तसाच राहिला. डोळ्यांत हळद गेली असावी.

"मिस्त्री, पट्टी काहून काढली?"

"तेल पाहाया, मालक."

मग तो जात्यांत जास्त हळद टाकून रोज भार वाढवू लागला. भार वाढला की आवाज जवळ यायचा. कधी तिची बांगडी वाजायची, कधी ती नुसतीच खोकायची. ते खोकणंही त्याला पुरायचं.

एका दुपारी हळद चाळणारी मंजुळाबाई ओरडली, "मिस्त्री, खालून तेल गळून राहिलं!"

पुंजाजी वाकला. टोपीच्या बैठकीपासून ब्लॉकवर केसाएवढी चीर चढत होती.

त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं. बंद करायचा दांडा बोटाखाली होता.

आतून हाक आली. स्वच्छ. अगदी कानाशी.

"पुंजाजी, ये."

आवाज सोजराचाच होता. पण बावीस वर्षांच्या संसारात सोजरानं त्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं.

चीर बोटभर वर सरकली.

"मिस्त्री, बाहेर या हो!" मंजुळाबाई रडकुंडीला आली होती.

ही सोजरा नव्हे, हे पुंजाजीला कळलं होतं. बराबर कळलं होतं.

"आलो," तो इंजिनाला म्हणाला, आणि त्यानं डिझेल पुरतं उघडलं.