उलटं विरजण

सेप्टिक टाकी जिवंत असते, तिच्यातले जंतू मैला पचवतात, हे आधी सांगतो. बावीस वर्षं मैल्याचा टँकर चालवतोय मी. झाकण उघडलं की झुरळं पळतात, माश्या उठतात, घाणीचा भपकारा येतो. तो आला की समजायचं, खाली सगळं ठीक चाललंय.

धाकट्या बहिणीने, चिमीने, गावाबाहेर एक एकटं घर स्वस्तात भाड्याने घेतलं. आधीचे भाडेकरू तिथे मागच्या खोलीत नशेची पावडर बनवायचे. पोलिसांनी तिघांना नेलं; चौथा त्याआधीच खोकून खोकून तिथे मेला होता. घरमालकाने भिंतींना रंग दिला आणि मोकळा झाला.

टाकी बघायला मी भर दुपारी गेलो. झाकण सरकवलं. एक झुरळ नाही. पाणी काठोकाठ, नितळ, आणि वास... नेलपॉलिशसारखा, गोडसर. डोळे चुरचुरले. उरलेली रसायनं ओतून ओतून त्यांनी टाकी मारली होती.

अशा वेळी आम्ही दुसऱ्या टाकीतला बादलीभर गाळ आणून ओततो, दुधाला विरजण लावतात तसा. मी तीनदा ओतला. तिन्ही वेळा मेला. तिसऱ्यांदा वाकून बघत होतो, तर खालून कोणीतरी खोकलं. जाड, ओला खोकला.

"कोण... कोण आहे?"

उत्तर घरातून आलं. माझी सहा महिन्यांची भाची खोकली.

"चिमे, आजच्या आज सामान बांध."

"दादा, तुला ना, सगळीकडे घाणच दिसते."

"अगं, दिसत नाहीये, हीच तर बोंब आहे!"

घरमालक म्हणाला, "रंग दिलाय की." कचेरीतले साहेब म्हणाले, "पोलिसांनी सील काढलं म्हणजे घर स्वच्छ." सगळा पालथ्या घड्यावर पाणी ओतण्याचा प्रकार. संताप संताप झाला माझा. दीड महिना असाच गेला. बाळाच्या अंगावर चट्टे उठले, खोकताना ओठ निळे पडायला लागले, तेव्हा कुठे चिमी माझ्याकडे राहायला आली.

आठवड्याभरात बाळ सुधारलं. त्या घरातली बाळाची दुपटी, झबली आमच्या मोरीत धुतली, पाणी आमच्या टाकीत गेलं. विरजण असंही लागतं, हे मला सुचलं नाही. बावीस वर्षं झाली या कामाला, आणि सुचलं नाही!

आज दुपारी चिमी म्हणाली, "दादा, दोन दिवसांत एकदाही खोकली नाही ती." फार बरं वाटलं. सहज म्हणून परसातलं झाकण सरकवलं.

एक झुरळ नाही. पाणी नितळ. तोच गोडसर वास...

खालून तो जाड खोकला आला. त्याच्या मागोमाग एक बारीक, तान्हा.

मी धावत घरात आलो. चिमी पाळण्याशी बसली होती. "हळू," ती कुजबुजली, "आत्ता डोळा लागलाय."

मोरीच्या जाळीतून पुन्हा तो बारीक खोकला आला. चिमीने सवयीने पाळण्याला झोका दिला.

पाळण्यात भाची तोंड मिटून शांत झोपली होती.